तोंडी गाऱ्हाण्याला तारीख नसते
सीमाभागातील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी दाद मागायची कशी आणि कोणत्या भाषेत?

जून उजाडला की आमच्या कचेरीत बातम्यांपेक्षा गाऱ्हाणी जास्त येतात. कोणाचा दाखला महाविद्यालयात अडकलेला, कोणाची शिष्यवृत्ती जमाच झालेली नाही, कोणाकडून पावती न देता पैसे घेतलेले, कोणाचा निकाल राखून ठेवलेला. ही माणसे बहुतेक खेड्यांतली असतात. खानापूर, निपाणी, चंदगड, बेळगावच्या आसपासची. वर्तमानपत्रात छापून आले की काम होते, अशी त्यांची समजूत. छापून येते, चार दिवस चर्चा होते. दाखला मात्र कपाटातच राहतो.

गेल्या जूनमध्ये खानापूर तालुक्याच्या पश्चिम भागातील एक शेतकरी असेच आले. मुलगी शहरातील एका महाविद्यालयात बी.कॉम.ला होती. घरच्या अडचणीमुळे दुसऱ्या वर्षासाठी तिला गावाजवळच्या महाविद्यालयात जायचे होते. पण आधी उरलेल्या दोन वर्षांची फी भरा, मग बारावीची मूळ गुणपत्रिका आणि दाखला मिळेल, असे तिला सांगण्यात आले. बापलेकीने सात खेटे घातले. एकदा कारकून जेवायला गेलेला, एकदा प्राचार्य बैठकीत, एकदा 'अर्ज कन्नडमध्ये लिहून आणा', एकदा 'इंग्रजीत आणा'. मुलीला दोन्ही भाषा वाचता येत होत्या. अर्ज लिहिण्याचा धीर होत नव्हता. त्या गृहस्थांनी हातातली प्लास्टिकची पिशवी आमच्या टेबलावर रिकामी केली. तीत फीच्या पावत्या होत्या, आधार कार्डाची झेरॉक्स होती आणि सातही खेपांची बसची तिकिटे होती; बापाची पैसे मोजून काढलेली, लेकीची शून्य रुपयांची. नव्हता तो एकच कागद : आपण तक्रार केली होती, हे दाखवणारा.

सीमाभागातील विद्यार्थ्यांच्या दुखण्याचे मूळ आम्हाला त्या पिशवीत दिसले. अन्याय होतो हे खरे, भाषेचा जाच आहे हेही खरे. पण कायदा ज्याला तक्रार म्हणून ओळखतो तो कागदच आपल्याकडून तयार होत नाही. आपण कारकुनाशी बोलतो, ओळखीच्या सरांना सांगतो, गावच्या पुढाऱ्याला फोन करायला लावतो. या साऱ्याची कुठे नोंद होत नाही. तोंडी गाऱ्हाण्याला आवक क्रमांक नसतो, तारीख नसते. आणि तारीख नसली की मुदत सुरूच होत नाही. मग 'आमच्याकडे अशी तक्रारच आली नाही', असे महाविद्यालयाने म्हटले तर ते कागदोपत्री खरेच ठरते.

नियम काय आहेत?

विद्यापीठ अनुदान आयोगाने एप्रिल २०२३ मध्ये विद्यार्थ्यांच्या तक्रार निवारणाचे नवे नियम अधिसूचित केले. त्याआधीचे २०१९ चे नियम त्यामुळे रद्द झाले. हे नियम आयोगाचे असल्यामुळे बेळगावच्या राणी चन्नम्मा विद्यापीठाला, कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाला आणि गोवा विद्यापीठाला ते सारखेच लागू आहेत. सीमाभागातील मुले या तिन्ही विद्यापीठांच्या महाविद्यालयांत विखुरलेली असतात. राज्य कोणतेही असो, दाद मागण्याची ही वाट एकच आहे, हे पालकांनी प्रथम लक्षात घ्यावे.

या नियमांप्रमाणे प्रत्येक महाविद्यालयात विद्यार्थी तक्रार निवारण समिती असली पाहिजे. तिच्यावर एक प्राध्यापक अध्यक्ष आणि चार ज्येष्ठ अध्यापक सदस्य असतात. एक विद्यार्थी प्रतिनिधी विशेष निमंत्रित म्हणून बसतो. समितीत किमान एक महिला आणि किमान एक व्यक्ती अनुसूचित जाती, जमाती किंवा इतर मागासवर्गातील असावी, असे बंधन आहे. तक्रार मिळाल्यापासून शक्यतो कामकाजाच्या १५ दिवसांत समितीने आपला अहवाल शिफारशींसह द्यायचा असतो आणि त्याची प्रत तक्रारदार विद्यार्थ्याला मिळायला हवी.

त्या निर्णयाने समाधान झाले नाही तर १५ दिवसांच्या आत विद्यापीठाच्या लोकपालाकडे अपील करता येते. हा लोकपाल म्हणजे भ्रष्टाचाराच्या चौकशीसाठी दिल्लीत नेमलेला लोकपाल नव्हे. प्रत्येक विद्यापीठाने आपल्या आणि आपल्याशी संलग्न महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांसाठी नेमायचा तो अधिकारी. निवृत्त कुलगुरू, निवृत्त प्राध्यापक किंवा माजी जिल्हा न्यायाधीश यांतून तो निवडला जातो. अपील आल्यापासून ३० दिवसांत त्याने निकाल द्यावा, अशी मुदत आहे. ही समिती आणि हा लोकपाल यांची माहिती महाविद्यालयाने आपल्या प्रवेश पुस्तिकेत आणि संकेतस्थळावर ठळकपणे दिलीच पाहिजे.

कोणत्या गोष्टींची तक्रार करता येते, याची यादीही नियमांत आहे. गुणवत्ता डावलून दिलेला प्रवेश, पुस्तिकेतील खोटी माहिती, जाहीर केलेल्या फीपेक्षा जास्त मागितलेले पैसे, शिष्यवृत्ती देण्यात केलेला विलंब, परीक्षा किंवा निकाल लांबवणे, प्रवेश सोडल्यावर फी परत न करणे, अपारदर्शक मूल्यमापन, अल्पसंख्याक, मागासवर्गीय, महिला किंवा दिव्यांग विद्यार्थ्यांशी केलेला भेदभाव आणि विद्यार्थ्याचा छळ. प्रवेशाच्या वेळी जमा केलेली कागदपत्रे अडकवून ठेवणे हेही या यादीत स्पष्ट शब्दांत आहे. महाविद्यालयांनी मूळ प्रमाणपत्रे ठेवून घेऊ नयेत, अशी सूचना आयोगाने २०१८ सालीही दिली होती. म्हणजे त्या शेतकऱ्याच्या मुलीचा दाखला अडवण्याचा अधिकार कोणालाच नव्हता. फक्त ते कोणी लेखी विचारले नव्हते.

अर्ज कोणत्या भाषेत?

आता आपल्या मुख्य प्रश्नाकडे येऊ. 'कन्नडमध्ये लिहून आणा' किंवा 'इंग्रजीशिवाय घेणार नाही' असे खिडकीवर ऐकवले की आपली मुले मुकाट्याने परत फिरतात. त्यांनी परत फिरू नये. २०२३ च्या नियमांत तक्रार अमुक एका भाषेतच हवी, अशी अट नाही. उलट भारताच्या राज्यघटनेचे ३५० वे कलम सांगते की, कोणत्याही गाऱ्हाण्याच्या निवारणासाठी संघराज्याच्या किंवा राज्याच्या कोणत्याही अधिकाऱ्याकडे अथवा प्राधिकरणाकडे निवेदन देताना, संघराज्यात किंवा त्या राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत ते देण्याचा हक्क प्रत्येक व्यक्तीला आहे. हे कलम मूळ घटनेतच आहे.

१९५६ साली राज्य पुनर्रचनेने हा भाग तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. त्याच वर्षी सातव्या घटनादुरुस्तीने ३५०-क आणि ३५०-ख ही दोन कलमे घटनेत आली. पहिले मातृभाषेतील प्राथमिक शिक्षणासंबंधी, दुसरे भाषिक अल्पसंख्याकांसाठी विशेष अधिकारी नेमण्यासंबंधी. ज्या पुनर्रचनेने आपल्याला अल्पसंख्य केले, तिच्याबरोबरच ही संरक्षणेही आली. पुढे केंद्र आणि राज्यांनी मान्य केलेल्या योजनेत असेही ठरले की, अल्पसंख्याकांच्या भाषेत आलेल्या निवेदनाला शक्य तेथे त्याच भाषेत उत्तर द्यावे. आणि जिथे एखादा भाषिक गट स्थानिक लोकसंख्येच्या १५ टक्के किंवा अधिक आहे, तिथे महत्त्वाचे नियम आणि सूचना त्या भाषेतही प्रसिद्ध कराव्यात.

मात्र या हक्काची मर्यादाही सांगितली पाहिजे. कलम ३५० निवेदन देण्याचा हक्क देते. उत्तर मराठीतच मिळेल अशी हमी देत नाही. उत्तराविषयीची योजना ही सरकारांनी मान्य केलेली कार्यपद्धती आहे. तिची अंमलबजावणी कशी होते, हे सीमाभागातील माणसाला सांगायला नको. शिवाय कलमात अधिकारी आणि प्राधिकरणे यांचा उल्लेख आहे. सरकारी महाविद्यालय आणि सरकारी विद्यापीठ यांच्याबाबत फारशी शंका घेता येणार नाही; खासगी संस्थेचे महाविद्यालय मात्र 'आम्ही सरकारी प्राधिकरण नाही' असा वाद घालू शकते. हा वाद जिंकण्यात वर्ष घालवायचे की दाखला सोडवून घ्यायचा?

म्हणून आमचा सल्ला असा. मूळ अर्ज मराठीत लिहावा आणि त्यावर सही करावी. त्याला इंग्रजी किंवा कन्नड भाषांतराची प्रत जोडावी आणि मूळ अर्जाच्या शेवटी 'भाषांतर सोबत जोडले आहे' असे लिहावे. यात माघार मुळीच नाही. मराठी अर्जाने हक्क शाबूत राहतो, भाषांतराने 'आम्हाला वाचता आले नाही' ही सबब जाते. ज्या मुलाला इंग्रजी किंवा कन्नड चांगले येते, त्याने सरळ त्या भाषेत लिहिले तरी कमीपणा नाही. आपली गोष्ट आपल्याला नीट मांडता येईल ती भाषा खरी. अर्धवट समजलेल्या इंग्रजीत दुसऱ्याकडून लिहून घेतलेला अर्ज सुनावणीत अंगाशी येतो, कारण त्यात काय लिहिले आहे हे अर्जदारालाच ठाऊक नसते.

सुनावणीविषयी आणखी एक सोय फारशी कोणाला माहीत नाही. तक्रारदार विद्यार्थी स्वतः हजर राहू शकतो किंवा आपली बाजू मांडण्यासाठी प्रतिनिधीला लेखी अधिकार देऊ शकतो. समितीपुढे बोलण्याचा धीर नसेल तर कन्नड किंवा इंग्रजी येणारा थोरला भाऊ, मावशी, गावातले निवृत्त गुरुजी यांपैकी कोणीही तुमच्या वतीने उभे राहू शकते.

अर्ज कसा लिहावा?

अर्ज एका पानाचा असावा. वर तारीख, पूर्ण नाव, वर्ग, हजेरी किंवा नोंदणी क्रमांक आणि पत्ता. 'अध्यक्ष, विद्यार्थी तक्रार निवारण समिती, द्वारा प्राचार्य' असा मायना. विषय एका ओळीत. मग काय घडले ते तारखांसह क्रमाने : कधी प्रवेश घेतला, कोणती कागदपत्रे दिली, कोणत्या दिवशी मागितली, काय उत्तर मिळाले. शेवटी आपल्याला नेमके काय हवे ते लिहावे. 'योग्य ती कार्यवाही व्हावी' एवढ्याने भागत नाही. 'माझी बारावीची मूळ गुणपत्रिका आणि स्थलांतराचा दाखला सात दिवसांत परत मिळावा', असे हवे. कोणाला दूषणे देऊ नयेत, कोणाचा हेतू काढू नये, आणि एका अर्जात एकच प्रश्न ठेवावा. पावत्यांच्या झेरॉक्स जोडाव्यात. मूळ कागद कधीही देऊ नयेत.

अर्जाच्या दोन प्रती घेऊन जाव्यात. एक द्यावी, दुसरीवर शिक्का, तारीख, सही आणि आवक क्रमांक घ्यावा. ही पोच म्हणजे अर्धे काम. पोच देण्यास नकार दिला तर वाद न घालता तोच अर्ज स्पीड पोस्टाने पाठवावा आणि टपालाची पावती अर्जाच्या प्रतीला टाचून ठेवावी. महाविद्यालयाचे तक्रारीसाठीचे पोर्टल असेल तर तेथेही नोंद करावी. पोर्टलवरची तक्रार १५ दिवसांत आपल्या अभिप्रायासह समितीपुढे ठेवणे संस्थेवर बंधनकारक आहे. मग भिंतीवरच्या कॅलेंडरवर दोन तारखांना खूण करावी : समितीच्या मुदतीची आणि, निर्णय हाती आल्यानंतर, अपिलाच्या पंधराव्या दिवसाची. या दुसऱ्या तारखेवर आपली अनेक प्रकरणे बुडतात.

कोणती तक्रार कोणाकडे?

सगळ्या तक्रारी याच समितीकडे जात नाहीत. उत्तरपत्रिकेची फेरतपासणी किंवा गुणांची फेरमोजणी एवढ्यासाठी लोकपालाकडे अपील चालत नाही. निकालावर परिणाम करणारी ठोस अनियमितता किंवा भेदभाव दाखवावा लागतो. त्यासाठी आधी उत्तरपत्रिका पाहावी. परीक्षार्थीला आपली तपासलेली उत्तरपत्रिका माहितीच्या अधिकारात पाहता येते, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली दिला आहे. अर्जाची फी १० रुपये आणि उत्तराची मुदत ३० दिवस.

रॅगिंगसाठी आयोगाचे २००९ चे वेगळे नियम आहेत आणि १८००-१८०-५५२२ हा निःशुल्क दूरध्वनी आहे. तेथे पंधरा दिवस थांबण्याचे कारण नाही. लैंगिक छळाची तक्रार महाविद्यालयाच्या अंतर्गत समितीकडे तीन महिन्यांच्या आत द्यावी. गुन्हा घडला असेल तर पोलिसांचा मार्ग वेगळा आणि खुला आहे. अकरावी-बारावी, म्हणजे कर्नाटकातील पीयूसी, आयोगाच्या कक्षेत येत नाही. तेथील तक्रार प्राचार्यांनंतर जिल्ह्याच्या पदवीपूर्व शिक्षण उपसंचालकांकडे न्यावी. ही कचेरी सरकारी असल्याने मराठी अर्ज देताना कलम ३५० चा आधार तेथे सरळ घेता येतो.

नियम आहेत, पण...

एवढे वाचून कोणी म्हणेल, कागदावर सगळेच छान असते. ही शंका रास्त आहे. समितीतले पाचही जण त्याच महाविद्यालयाचे किंवा त्याच वर्तुळातले. सहकाऱ्याच्या विरोधात ते कितपत जातील? अंतर्गत गुण ज्यांच्या हातात, त्यांच्याविरुद्ध तक्रार करायची कशी? आणि लोकपालच नेमलेला नसेल तर अपील कोणाकडे न्यायचे? जून २०२४ मध्ये आयोगानेच लोकपाल न नेमलेल्या १५७ विद्यापीठांची यादी जाहीर केली. त्यांतली १०८ राज्य सरकारांची होती, आणि कर्नाटक व महाराष्ट्र या दोन्ही राज्यांतील विद्यापीठे तीत होती. नियम पाळले नाहीत तर अनुदान रोखण्यापर्यंतचे उपाय आयोगाकडे आहेत. पण तो बडगा गावातल्या मुलीच्या दाखल्यापर्यंत पोचायला वेळ लागतो.

भीतीवर एक उपाय आहे, आणि तो सीमाभागाला नवा नाही. एकट्याने न जाता दहाजणांनी सह्या कराव्यात. जास्तीची फी एकट्याकडून घेतलेली नसते, शिष्यवृत्ती एकट्याची अडकलेली नसते. तक्रार केली म्हणून त्रास दिला तर तो त्रास ही स्वतंत्र तक्रार ठरते, आणि पहिल्या अर्जाची पोच तेव्हा पुरावा म्हणून उपयोगी पडते. निनावी पत्राला मात्र कोणी विचारत नाही. तसेच खोटी तक्रार केल्यास विद्यार्थ्यावर कारवाईची शिफारस करण्याचा अधिकार लोकपालाला आहे. म्हणून जे पावतीने किंवा साक्षीने दाखवता येईल तेवढेच लिहावे.

आणखी एक गोष्ट आम्हाला आपल्याच माणसांना सांगायची आहे. प्रत्येक अडचणीला 'मराठी म्हणून अडवले' हे एकच कारण लावण्याची आपल्याला सवय लागली आहे. काही वेळा ते खरे असते, आणि तेव्हा ते ठामपणे, भेदभावाच्या कलमाखाली लिहिले पाहिजे. पण दाखला अडवणारी महाविद्यालये कन्नड मुलांचाही दाखला अडवतात, आणि मराठी माणसांच्या ताब्यातील संस्थाही पावतीशिवाय पैसे घेतात. तेथे आपण आपला माणूस म्हणून गप्प बसतो. ज्या वर्गात कन्नड, मराठी, उर्दू बोलणारी मुले एकाच अर्जावर सह्या करतात, त्या वर्गाचा अर्ज बाजूला सारणे कोणालाही जड जाते.

सीमाप्रश्नाचा दावा महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात २००४ साली दाखल केला. त्या वर्षी जन्मलेली मुले आता पदव्या घेऊन बाहेर पडली. तो लढा आपल्या जागी आहे आणि त्यावर आमची भूमिका वाचकांना ठाऊक आहे. पण पदवीचा अभ्यासक्रम तीन-चार वर्षांचा असतो आणि प्रवेशाची शेवटची तारीख कोणासाठी थांबत नाही. मोठ्या प्रश्नाचा निकाल लागेपर्यंत लहान अर्ज लिहायचा नाही, असे कोणी ठरवले असेल तर त्याची किंमत त्याची मुले मोजतात.

त्या मुलीने आमच्या कचेरीतल्या बाकावर बसून आपल्या हाताने अर्ज लिहिला. मराठी मूळ, सोबत इंग्रजी प्रत. भाषांतरात आम्ही दोन शब्द सुचवले, बाकी सारे तिचेच. दुसऱ्या दिवशी तिने पोच आणली. नवव्या दिवशी गुणपत्रिका आणि दाखला घरी आले. समितीची बैठक भरवण्याचीही वेळ आली नाही. प्रत्येक वेळी असेच होईल असे आम्ही म्हणणार नाही. काही अर्ज लोकपालापर्यंत जातील, काही तिथेही अडतील. पण ते कुठे, कोणाकडे आणि किती दिवस अडले, हे निदान सांगता येईल.

या महिन्यात प्रवेश घेणाऱ्या मुलांनी एवढे जरूर करावे. प्रवेश पुस्तिका हातात पडताच तीत समितीचे आणि लोकपालाचे पान आहे का ते पाहावे. असेल तर नावे वहीच्या पहिल्या पानावर उतरवून घ्यावीत. नसेल तर तीच आपली पहिली तक्रार; ती लेखी द्यावी आणि तिची पोच घेऊनच घरी यावे.